फाशीविरोधी चळवळ, ब्रिटनमधील

खुनासाठीची देहान्त शिक्षा रद्द व्हावी म्हणून ब्रिटनमध्ये झालेली चळवळ. तिला मोठे बळ मिळाले ते एका अन्यायातून. टिमथी एव्हान्स याला स्वतःच्या चिमुकल्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी झाली. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू जॉन क्रिस्टी हा सरकारपक्षाचा साक्षीदार होता. १९५३ मध्ये लंडनमधील त्याच घरात अनेक स्त्रियांचे मृतदेह सापडले आणि क्रिस्टीने एव्हान्सच्या पत्नीच्याही खुनाची कबुली दिली. एव्हान्सला १९६६ मध्ये माफी मिळाली. गेलेला जीव मात्र परत येणार नव्हता.

रूथ एलिस या स्त्रीलाही खुनाबद्दल १९५५ मध्ये फाशी झाली. त्याच वर्षी प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ, लेखक आर्थर केस्लर व धर्मगुरू जॉन कॉलिन्स यांनी राष्ट्रीय मोहीम उभारली. केस्लर यांनी स्पेनच्या यादवी युद्धात मृत्यूच्या छायेत तुरुंगवास भोगला होता. कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरवणारी फाशीची ‘शास्त्रशुद्ध’ पद्धतही क्रूरच, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

१३ ऑगस्ट १९६४ रोजी सकाळी आठ वाजता लिव्हरपूल व मँचेस्टर येथे एकाच वेळी अखेरच्या दोन फाशी झाल्या. खासदार सिडनी सिल्व्हरमन यांच्या विधेयकाने १९६५ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांसाठी थांबली. १९६९ मध्ये संसदेने ती बंदी कायम केली.