१४. टीबीची नळी

पुस्तकाच्या लेखकाला क्षय नव्हता. नागझिऱ्याच्या जंगलातून रुग्णालयात हलवल्यावर त्यांच्या मानेजवळच्या शिरेत घातलेल्या कॅथेटरला मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकांचा लेप होता. रिफॅम्पिसिन क्षयावर देतात, म्हणून वॉर्डात तिला ‘टीबीची नळी’ हे नाव पडले. नळीचा नारिंगी रंगही त्याचाच. नळीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर एकदा धरला, तळ्यातल्या दगडावर शेवाळ धरते तसा, की शिरेतून दिलेले औषधही त्यातल्या जिवाणूंवर धड चालत नाही. म्हणून लेप आधीच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ही नळी क्लोरहेक्सिडिन आणि चांदीच्या लेपाच्या नळीपेक्षा सरस ठरली. रिफॅम्पिसिनचे मूळ द्रव्य देणारा जिवाणू १९५७ साली फ्रान्समधल्या पाइनच्या जंगलातील मातीत सापडला; आयुष्य जंगलात काढलेल्या लेखकाला हे ठाऊक असते, तर पुस्तकातले हे प्रकरण आणखी दोन पाने वाढले असते.