काचेतला राखणदार आणि जबलपूरचे ताल

गढ्याच्या गोंड राजवटीत बांधलेले ताल ही जबलपूरची जुनी ओळख. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाने ओळखला जाणारा चेरीताल, दिवाण आधारसिंहाचा आधारताल. शहरात आजही बावन्न तालांची गोष्ट सांगतात. राणी १५६४ साली मोगल फौजेशी लढताना गेली. पुढे हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आणि मग १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. राज्यं बदलली तरी तालांचं काम तेच राहिलं: पावसाचं पाणी अडवायचं, विहिरींना पाझर द्यायचा, मासळी पोसायची. आता राणीतालच्या जागी क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल ही एक वस्ती आहे. म्हणून उरलेल्या पाण्यात कोणता मासा असावा, हा प्रश्न किरकोळ नाही. घरोघरच्या फिशटँकमध्ये आलेल्या आणि नकोसे झाले की तालात सोडले जाऊ शकणाऱ्या ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न या माशांमुळे तो नव्याने उभा राहिला आहे.

हे दोन्ही सिक्लिड कुळातले. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, फूटभर वाढणारा. फ्लॉवरहॉर्न हा १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला, कपाळावर टेंगूळ मिरवणारा. दोघांचीही भांडखोर म्हणून ख्याती आहे, पण ती अर्धवट समजुतीतून आली आहे. विणीला आलेली ऑस्करची जोडी बघावी. आधी एक सपाट दगड निवडला जातो. दोघं तोंडाने तो घासून घासून स्वच्छ करतात. मादी त्यावर ओळीने हजाराच्या घरात अंडी चिकटवते, नर मागोमाग ती फळवतो, आणि मग दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहतात. त्या दिवसांत टाकीत हात घातला तर मासा हातावर धावून येतो. हद्द राखणं म्हणजे इथे पाळणा राखणं. आपल्याकडचा कालुंदर, गोवा-सिंधुदुर्गाच्या खाडीतला, हाही सिक्लिडच. तोही जोडीने पिल्लं सांभाळतो. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात, हे कुळ थांबतं. पाळणाऱ्याला त्याचा लळा लागतो तो यामुळेच, आणि तलावाला धोका आहे तोही याच गुणाचा.

याचा पुरावा आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. याच कुळातली मोझांबिकची तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, १९५२ साली भारतात आणली गेली. स्वस्त प्रथिनं हवी होती, आणि हा मासा कुठल्याही पाण्यात तगतो, झपाट्याने वाढतो, हे आकर्षण होतं. नर तळाच्या चिखलात ताटाएवढा खड्डा खणून त्यावर पहारा देतो. मादी फळलेली अंडी तोंडात घेते. गळा फुगलेला, जवळपास उपाशी, पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती तशीच राहते. इतकी राखण असल्यावर पिल्लं मरतात कमी. तळं चिलापीने गच्च भरलं, खाणं अपुरं पडलं, मासे खुरटे राहिले आणि कटला-रोहूंच्या वाट्याचं अन्न गेलं. १९५९ सालीच मत्स्य संशोधन समितीला तिच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. आणायला उत्साह पुरला, काढायला उपाय सापडला नाही.

यावर उजनीचं उदाहरण देतात. भीमेच्या त्या जलाशयात चिलापी ही आज मोठी आवक आहे, भिगवणच्या बाजारात तिच्यावर घरं चालतात. मग तिला दोष कसा द्यायचा? आक्षेप खरा आहे आणि त्या मच्छीमारांच्या कमाईला नावं ठेवण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण एका जलाशयाची भिस्त एका पाहुण्या माशावर येणं ही निवड नव्हती, नाइलाजाने त्याच्याशी जुळवून घेणं होतं. शिवाय चिलापी निदान ताटात येते. फ्लॉवरहॉर्न पिल्लाला भाव येतो तो कपाळावरच्या टेंगळासाठी आणि अंगावरच्या खुणांसाठी. तलावात गेल्यावर त्या भावाचा कुणालाच उपयोग नाही. दुसरा आक्षेप थंडीचा. ऑस्करला फार गार पाणी सोसत नाही, जबलपूरचा हिवाळा त्याचा निकाल लावील, असं म्हणता येईल. कडक थंडीत काही मरतीलही. पण खोल तळ्याचं पाणी हवेइतकं गार होत नाही, आणि जबलपूरच्या उत्तरेला, प्रयागला, गंगा-यमुनेत नाईल नदीची तिलापिया आपलं बस्तान बसवून आहे. हिवाळ्यावर विसंबणं म्हणजे कुलूप न लावता चोर येणार नाही असं मानणं. आणि तालातून ओसंडलेलं पाणी नाल्यांनी, ओढ्यांनी अखेर नर्मदेच्याच खोऱ्यात जातं.

या नर्मदेचा मासा महसीर, २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा. तो अंडी घालून पुढे जातो, पहारा देत नाही. वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ हीच त्याच्या पिल्लांची राखण. धरणांनी ते पाणी अडवलं, वाळूउपशाने तळ बिघडवला. पहारा देणाऱ्या परक्या माशांशी स्पर्धा आणखी त्याच्या माथी मारू नये. मोठे सिक्लिड जरूर पाळावेत. त्यांच्याइतकं शिकवणारे मासे थोडेच. पण टाकी अपुरी पडली, जोडी भांडू लागली, पिल्लं फार झाली, तर ती दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पुण्य म्हणून हनुमानतालात किंवा नर्मदेच्या ग्वारीघाटावर सोडू नका.