वेताळ, बाप्पा आणि रद्दीवाला

आजचा भाग पैशापासून सुरू करूया, कारण तिथूनच बहुतेकांचं लक्ष या विषयाकडे जातं.

जून १९३८ चं 'ॲक्शन कॉमिक्स'चं पहिलं पुस्तक अमेरिकेत दहा सेंटला मिळायचं. सुपरमॅन पहिल्यांदा त्यात आला. त्याचीच एक चांगल्या अवस्थेतली प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. सुपरमॅन भारी आहे म्हणून? तेवढ्याने काही होत नाही. छापल्या होत्या दोन लाखांच्या आसपास प्रती, आणि आज जगात शंभरएक उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. बाकीच्या पोरांनी वाचून वाचून फाडल्या, आयांनी साफसफाईत काढल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या तेव्हा त्यांचा लगदा झाला. म्हणजे एका प्रतीला किंमत आली ती बाकीच्या सगळ्या गेल्या म्हणून.

मी रोह्यात वाढलो, आता पेणला राहतो. आमच्या या पट्ट्यात संग्रह हा शब्दच थोडा परका वाटतो. सगळ्यात सुंदर वस्तू इथे घडतात त्याच मुळी पाण्यात जायला. वर्षभर खपून मूर्ती करायची, दीड, पाच, सात किंवा दहा दिवस पुजायची, आणि सोडून द्यायची. अशा गावात कॉमिक्स जपणारा माणूस म्हणजे वेडाच. पण हे वेडे आहेत. मी त्यातला एक, आणि माझ्यापेक्षा मोठे वेडे मला माहीत आहेत.

आधी आपल्याकडे कॉमिक्स आली कशी ते बघू. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. किंमत साठ पैसे. पहिल्याच अंकात ली फॉकचा फँटम. अमेरिकेत तो १९३६ पासून वर्तमानपत्रात पट्टीच्या रूपात छापून यायचा. इंद्रजाल मराठीतही निघायचं, आणि मराठीत फँटमचा झाला वेताळ. महाबली वेताळ! पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला, चंबळच्या डाकूंशी लढणारा आपला देशी हिरो. ऐंशीच्या दशकात इंद्रजाल दर आठवड्याला यायला लागलं, आणि १९९० मध्ये बंद पडलं. आठशेच्या आसपास अंक निघाले.

रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ मध्ये. त्याआधी स्टेशनवरचा बुकस्टॉल वगैरे भानगडच नव्हती. जे काही यायचं ते एसटीने, पेपरच्या गठ्ठ्यासोबत. एक अंक आला की तो आळीतल्या दहा पोरांच्या हातातून जायचा. कव्हर आधी सुटायचं, मग मधली पानं. शेवटी रद्दीवाला, आणि मग वाण्याच्या पुड्या. वेताळाने कितीतरी घरांत शेंगदाणे पोचवले असतील. म्हणून आज मराठी इंद्रजालचा कव्हरसकट, न फाटलेला अंक मिळणं अवघड. इंग्रजी अंक घेणाऱ्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असायचं. मराठी अंकाच्या नशिबी रद्दीची पिशवी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. फँटमचं मराठी नाव वेताळ ठेवणाऱ्याने कोकणाचा विचार केला होता की नाही, देव जाणे. पण नाव असं चपखल बसलंय की बस्स. इंग्रजीत त्या फँटमला चालणारं भूत म्हणतात. आता सिंधुदुर्गात वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला जा. तिथल्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड वाहतात, आणि भल्यामोठ्या चामडी चपला. का, तर वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, चालून चालून चपला झिजतात! आमच्या रोह्याचे धावीर महाराज हेही गावाचे राखणदारच. दसऱ्याच्या सुमारास पालखी निघते तेव्हा पोलीस त्यांना सशस्त्र मानवंदना देतात. रात्री गस्त घालणारा, कुणाला न दिसणारा, अडीनडीला धावणारा. कोकणातल्या पोराला सुपरहिरो ही कल्पना समजावून सांगायची गरजच नव्हती.

बरं. छापील अंक गोळा करणं ही या नादाची पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर माणूस खरा अडकतो, ती म्हणजे मूळ चित्र. चित्रकाराने हाताने काढलेलं, शाईने गिरवलेलं, खोडलेलं, पांढरा रंग लावून दुरुस्त केलेलं ते पान. छापील प्रती लाख असतील, हे एकच.

टिनटिनचं माहितीये ना? 'ब्लू लोटस'च्या कव्हरसाठी एर्जेने १९३६ मध्ये एक रंगीत चित्र केलं होतं. ते छापायला फार महाग पडेल म्हणून बाजूला पडलं. एर्जेने ते प्रकाशकाच्या लहान मुलाला देऊन टाकलं, आणि त्या मुलाने घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. घडीच्या रेषा आजही चित्रावर दिसतात. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते ३० लाख युरोंच्या वर गेलं. पुढच्याच वर्षी स्पायडरमॅनच्या एका पानाला ३३ लाख डॉलर मिळाले, काळा पोशाख कुठून आला ते सांगणारं पान.

आता या आकड्यांच्या मागचा प्रश्न. ते पान मुळात कुणाचं? चित्रकाराचं की कंपनीचं? अमेरिकेत यावरून मोठं भांडण झालं. जॅक कर्बी म्हणजे फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर या सगळ्यांना रूप देणारा माणूस. मार्व्हलसाठी त्याने दहा हजारांहून जास्त पानं काढली. ती परत मागायला लागला तेव्हा वर्षानुवर्षं झगडावं लागलं, इतर चित्रकार त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९८७ मध्ये हातात आली सुमारे दोन हजार. बाकीची कुठे गेली? काही हरवली, काही कुणी उचलली, काही भेट म्हणून वाटली गेली. ज्याने काढलं त्यालाच स्वतःचं चित्र बघायला लिलावात जायची वेळ.

आपल्याकडे या पानांची गोष्ट कुणी फारशी विचारलीच नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक 'कृष्ण', तिथून खरी गाडी सुरू झाली. तो काढला राम वाईरकरांनी. पुढे 'टिंकल'मधला सुपंडीही त्यांचाच. आज सुपंडी काढतात त्यांची मुलगी, अर्चना आंबेरकर. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठी काढलं आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या नागराजला पहिलं रूप दिलं. दिल्लीची कंपनी, हिंदी कॉमिक, आणि तो हिरवा नागराज आला पुण्यातल्या मराठी माणसाच्या ब्रशातून. हे किती जणांना माहीत असतं? मी नागराज जमवणाऱ्या पोरांना विचारतो, तेव्हा त्यांना कंपनीचं नाव पाठ असतं. चित्रकाराच्या नावावर गाडी अडते.

थोडं मागे जाऊ. मूळ चित्र जपायची गोष्ट महाराष्ट्रात कॉमिक्सच्या कितीतरी आधीची आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. कागदावर रंगवलेली चित्रं, रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग. एका कथेच्या सगळ्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात गात गोष्ट पुढे नेतो. एक चित्र, एक प्रसंग, मग पुढचं चित्र. ओळखीचं वाटतंय ना? परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात संग्रहालय उभारून हे सगळं जपलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयातही चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे, लोक टाकून देतात ते सगळं गोळा केलं, आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकलं. संग्रहाला नाव दिलं ते गेलेल्या मुलाचं, राजाचं. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक कॉमिक्सवेड्याने एकदा तिथे जायला हवं. स्पायडरमॅन तिथे नाही, पण जमवणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

आता तिसरी पायरी, पुतळे. सुपरहिरोंचे पुतळे जमवणारे लोक मुंबई-पुण्यात बरेच आहेत. दीड फुटाचा बॅटमॅन चाळीस-पन्नास हजारांना येतो, वर कस्टम ड्युटी वेगळी. तो कसा बनतो बघा. शिल्पकार आधी एक मूळ नमुना घडवतो, हल्ली बऱ्याचदा कॉम्प्युटरवर. त्यावरून रबराचा साचा. साच्यात रेझिन ओततात, सांधे घासतात, हाताने रंगवतात. बैठकीखाली नंबर घालतात, पाचशेपैकी अमुक.

पेणच्या कुठल्याही पोराला हे वाचून हसू येईल. कारण हे सगळं आमच्याकडे दारात चालतं. लोकमान्यांनी गणेशोत्सव चौकात आणला तो १८९३-९४ च्या सुमारास. त्यानंतर मूर्तींची मागणी वाढत गेली आणि पेणचं नाव झालं. देवधर घराण्याचं नाव यात आदराने घेतलं जातं. पुढे हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांत हे काम पसरलं. आज शेकडो कारखाने आहेत, आणि परदेशी जाणारे गणपती उत्सवाच्या कितीतरी महिने आधी कंटेनरमध्ये चढतात. शाडूची माती गुजरातमधून येते. प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. घासकाम, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात वेगळा असतो, त्याची मजुरीही वेगळी.

आणि हिरो? तेही आले. २०१४ मध्ये 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि लगेच भंडारा उधळलेला, खंडोबाच्या वेषातला बाप्पा सगळीकडे. मग बाहुबली गणपती. मग दाढीखाली हात फिरवणारा पुष्पा. काहींना हे आवडत नाही. मला विचाराल तर यात नवीन काही नाही. स्वातंत्र्याच्या काळात नेहरू आणि सुभाषबाबूंच्या रूपातले गणपतीही झाले होते. ज्या काळाचा जो हिरो, त्याचा पोशाख बाप्पाला.

हमरापूरला एका कारखान्यात मे महिन्यात गेलो होतो. फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, एकसारख्या. कोपऱ्यात पोत्याखाली एक मूर्ती झाकलेली, रंग न दिलेली, कडा थोड्या उडालेल्या. मालक काकांनी पोतं बाजूला केलं. "हा मूळ नमुना. याच्यावरून साचा काढतो. साचा झिजला की परत याच्याकडे यावं लागतं."

"काका, घडवला कुणी?"

"होता एक पोरगा. हात चांगला होता त्याचा. आता रायगडात नाही, कंपनीत लागला म्हणतात."

"त्याचं नाव कुठे लिहिलंय?"

काका हसले. "देवावर कोण नाव टाकतं, दादा?"

बरोबर आहे त्यांचं. मूर्तीवर नाव नको, ती देव होणार आहे, तिची उत्तरपूजा होणार आहे, तिला जायचं आहे. मूर्ती विकत घेऊन कपाटात जपा असं मी म्हणतच नाही. पण तो पोत्याखालचा नमुना देव होत नाही. त्याची प्राणप्रतिष्ठा कधीच होत नाही. ते त्या पोराचं काम आहे, जसं ते पान कर्बीचं होतं. एका नमुन्यावरून हजारो घरांत बाप्पा गेले. शिवाय काकांनीच सांगितलं, दुसरा कुणी बाजारातून मूर्ती उचलतो, तिच्यावरच रबर चढवतो आणि तोच चेहरा स्वतःचा म्हणून विकतो. दुसऱ्या खेपेला नाकाची धार जाते, तिसऱ्या खेपेला बोटं जाड होतात. म्हणजे प्रत फिरत राहते, आणि मूळ कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही.

यात प्लास्टरची गंमत वेगळीच. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम काढले, मग कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नदी-समुद्रात विसर्जन नाही. भांडण का, तर प्लास्टर विरघळत नाही. जी प्रत जायला हवी ती तळाशी बसून राहते, आणि ज्या मूळ नमुन्याने राहायला हवं तो कारखाना बदलताना उकिरड्यावर जातो.

म्हणून सध्या मी बॅटमॅनसाठी पैसे साठवणं थांबवलंय. महिन्यातून एक रविवार काढून कारखान्यांत जातो, परवानगी घेऊन मूळ नमुन्यांचे फोटो काढतो, चारही बाजूंनी, आणि घडवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल वहीत लिहितो. आतापर्यंत एकवीस नमुने झाले. त्यातल्या नऊंच्या पुढे नाव मिळालं. बाकी बारांपुढे 'एक पोरगा', 'आमचा जुना कारागीर', 'वडिलांच्या वेळचा' असंच लिहिलंय.

तुमच्यापैकी कुणी पेण, हमरापूर, जोहे, वडखळ या बाजूचे असाल, आणि घरात कुणी आजोबा, मामा, काका कधी नमुने घडवायचे असतील, तर त्यांच्याशी बोला आणि मला व्हॉइस नोट पाठवा. आणि रोह्याच्या मंडळींनो, माळ्यावरच्या ट्रंका दिवाळीच्या साफसफाईआधी एकदा उघडा. मराठी इंद्रजाल सापडला तर कव्हर सुटलेलं असलं तरी चालेल. शेंगदाण्याचा तेलकट डाग असला तरी चालेल.