पटावर डोंगर नसतो

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या मालेत हा पोरखेळ कुठून आला. दिवाळीतला मातीचा किल्ला, त्याच्यावरचे रंगवलेले मावळे, आणि त्याच जातीचा परदेशातला एक नाद, म्हणजे टेबलावर छोटे डोंगर आणि छोटे सैनिक मांडून खेळायची लढाई. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा पोरखेळ असला तरी फालतू नाही. भूतकाळ समजून घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न या मातीच्या ढिगात दडलेला आहे. आपण तो उकरून बघू.

सुरुवात सांगलीपासून करू. सांगली ही बुद्धिबळाची नगरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने तिथे हा खेळ घराघरात नेला. बुद्धिबळ हा मुळात युद्धखेळच आहे. चतुरंग म्हणजे सेनेची चार अंगं, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पण पट कसा आहे ते बघा. चौसष्ट घरं, सगळी सारख्या मापाची, सगळी एका पातळीत. त्या पटावर डोंगर नाही, नदी नाही, पाऊस नाही. दोन्ही बाजूंना सैन्य सारखं. जिंकेल तो निव्वळ अकलेवर. मात्र एक मोठी गोष्ट पटावर आहे. समोर प्रतिस्पर्धी बसलेला आहे, त्याला त्याची बुद्धी आहे आणि तो तुमच्या मर्जीने चालत नाही.

आता कृष्णाकाठाने उलटं वर या. कराड ओलांडून साताऱ्यात आलात की डोक्यावर अजिंक्यतारा उभा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर, आणि पायथ्याच्या शहरापासून साधारण तीनशे मीटर उंच. जिल्ह्यात सज्जनगड आहे, वासोटा आहे, प्रतापगड आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात प्रतापगड आहे. आणि त्या नोंदीचं नाव एकेका किल्ल्याचं नाही, ते मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचं आहे. भूप्रदेश हा शब्द लक्षात ठेवा. १६५९ मध्ये अफजलखान वाईच्या मोकळ्या मैदानातून जावळीच्या रानात उतरला तेव्हा निम्मा डाव तिथेच ठरला होता. आपल्याकडच्या लढाईत डोंगर हा मागचा पडदा नव्हता, तो लढणारा गडी होता.

म्हणूनच आमच्या मुलांना बुद्धिबळाचा पट पुरला नाही, त्यांना मातीचा ढीग लागला. कृती तुम्हाला ठाऊक आहे. सहामाही परीक्षा संपली की दगडविटा रचायच्या, पोती चिखलात बुडवून त्यांच्यावर पांघरायची, घड्या तशाच राहू द्यायच्या म्हणजे कडे आणि घळी आपोआप होतात. वरून लाल मातीचा हात. वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस अळीव किंवा मोहरी पेरायची, म्हणजे पहिल्या अंघोळीपर्यंत रान हिरवं होतं. वाटीचं तळं, पुठ्ठ्याचा दरवाजा, गुहेत वाघ. मग कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज.

या मावळ्यांकडे जरा बारकाईने बघू. कुंभार ते साच्यातून काढतो. पूर्वी मातीचे असत, आता बहुतेक प्लास्टरचे. रंगवताना एकेक मावळा पुरा करत नाहीत. आधी सगळ्यांना पांढरा हात, मग सगळ्यांना अंगाचा रंग, मग अंगरखे, पागोटी, आणि डोळे शेवटी. परदेशात ज्यांना याचा नाद आहे ते इंचभराच्या सैनिकाला असंच रंगवतात, फक्त आणखी दोन पायऱ्या करतात. पातळ काळपट रंग सगळ्या अंगावर सोडतात, तो कपड्याच्या चुण्यांत जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. असं का करायचं? कारण वस्तू लहान झाली की तिच्यावरच्या सावल्याही लहान होतात, डोळ्याला दिसेनाशा होतात. खऱ्या अंगरख्याची चुणी बोटभर खोल असते, या सैनिकाची केसभर. म्हणून रंगवणाऱ्याला सावली रंगाने आणावी लागते. आहे तेवढंच रंगवलं तर सैनिक सपाट दिसतो. खरा वाटावा म्हणून थोडं जास्त करावं लागतं. इतिहास लिहिणाऱ्यालाही हेच करावं लागतं. तीनशे वर्षं तीस पानांत बसवायची तर सावल्या गडद कराव्याच लागतात. फक्त आपण त्या गडद केल्या आहेत याचं भान हवं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. दिवाळीचा मावळा चार इंचाचा धरा. म्हणजे माणूस साधारण सोळापट लहान केला. त्याच मापाने अजिंक्यतारा करायचा तर तो अठरा-एकोणीस मीटर उंच होईल, सहा मजली इमारतीएवढा. अंगणात कसा मावणार? परदेशातला सैनिक अठ्ठावीस मिलिमीटरचा असतो. त्याच्या मापानेसुद्धा डोंगर पाच मीटरचा होतो. म्हणून प्रत्येक किल्ल्यात दोन मापं नांदतात, माणसाचं एक आणि डोंगराचं दुसरं. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, आणि पोरांना त्याचं काही वाटत नाही. आम्हाला यात पोरांचं अज्ञान दिसत नाही. एकाच नजरेत माणूस आणि डोंगर दोन्ही खऱ्या मापाने दिसत नाहीत, ही अडचण इतिहासकाराचीही आहे. चरित्र लिहायला घेतलं की भूगोल चिमुकला होतो, आणि भूगोल मांडला की माणसं ठिपक्यांएवढी होतात.

याचा पुरावा प्रशियात मिळतो. रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये तिथल्या राजासाठी एक टेबल करून दिलं. त्यावर प्लास्टरचे तुकडे हवे तसे जुळवून डोंगर, नद्या, रस्ते उभे करता येत. पुढे त्याच्या मुलाने, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नियम छापले आणि प्लास्टर सोडून आठ हजारपट लहान नकाशा घेतला. त्या मापाने आपला अजिंक्यतारा पायथ्यापासून पावणेचार सेंटिमीटर उरतो, आणि सैनिक तर दिसतच नाहीत. त्यांच्या जागी रंगीत ठोकळे आले. पण या बापलेकांच्या खेळात तीन गोष्टी एकत्र आल्या. जमीन आली. समोर प्रतिस्पर्धी आला. आणि तिसरा आला तो पंच. कोणाला काय दिसतं, कोण किती चालू शकतो, फाशाचा अर्थ काय, हे तो ठरवायचा. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला.

शंभर वर्षांनी हा खेळ घरात आणला तो एच. जी. वेल्सने. तोच, ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारा. त्याचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ चं. शिशाचे सैनिक, स्प्रिंगची तोफ, ठोकळ्यांची घरं, झाडांसाठी डहाळ्या. आपल्या दिवाळीच्या अंगणापासून हे फार लांब नाही. वेल्सचं म्हणणं असं होतं की हा खेळ खेळून बघा, म्हणजे खरं युद्ध किती भोंगळ आणि महाग असतं ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९८७ मध्ये इंग्लंडातूनच ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ आला, आणि लढाई थेट हजारो वर्षांपुढच्या ग्रहांवर गेली. माणसं फोम आणि पुठ्ठ्याची पडकी शहरं करू लागली, परग्रहावरच्या सैनिकांच्या चिलखताला गंज चढवू लागली.

आता विचारू या, की भविष्यात का गेले? एक कारण आम्हाला असं वाटतं की तिथे हरायला मोकळीक असते. परग्रहावरचं सैन्य हरलं तर कोणाच्या आजोबांचा अपमान होत नाही. निकाल आधी ठरलेला नसतो, म्हणून विचार करावा लागतो.

आणि इथेच आपल्या दिवाळीच्या किल्ल्याची उणीव दिसते. बुद्धिबळात प्रतिस्पर्धी आहे पण जमीन नाही. आपल्या किल्ल्यात जमीन आहे, काय सुंदर जमीन आहे, पण प्रतिस्पर्धी नाही. किल्ल्याला वेढा पडत नाही. मावळे भाले घेऊन उभे आहेत, पण कोणाच्या विरुद्ध? लढाई कधीच संपलेली आहे, आपण तिच्या विजयाची आरास करतो. स्पर्धेचे परीक्षक येतात, दिवे आणि कारंजं बघतात, नंबर देतात. आता तर बाजारात तयार किल्ला मिळतो, आणून ठेवला की झालं. आरास करू नये असं आम्ही म्हणत नाही. पूजेची जागा पूजेला आहे. पण आरास म्हणजे इतिहास नव्हे.

उदाहरण साताऱ्याचंच घेऊ. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या पायथ्याशी येऊन बसला. वेढा चार महिन्यांहून जास्त चालला. मोगल तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान याने तटाखाली सुरुंग खणवले. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. १७०० च्या एप्रिलमध्ये सुरुंग उडवले. पहिल्याने तट ढासळला आणि आतली माणसं गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटला. तटाचा ढीग बाहेर कोसळला, तो खाली हल्ल्याच्या तयारीत थांबलेल्या मोगलांवरच. एवढं होऊनही किल्ला टिकला नाही. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. एप्रिल संपायच्या आत बोलणी झाली, किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. पुढे काही वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला. १७०८ मध्ये याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

हा प्रसंग किती अंगणांत मांडला जातो? यात पराभव आहे म्हणून आपण तो टाळतो. पण तत्त्वज्ञानाचा एक साधा प्रश्न विचारा. प्रयागजींना एप्रिलमध्ये काय होणार ते डिसेंबरात माहीत होतं का? नव्हतं. माहीत नसताना ते उभे राहिले, म्हणून त्याला शौर्य म्हणायचं. निकाल आधीच ठरलेला असेल तर शौर्याला अर्थच राहत नाही. जो किल्ला हरूच शकत नाही, त्याच्यावरच्या मावळ्याचं धैर्य आपण नकळत काढून घेतो आणि त्याला नुसता उभा करून ठेवतो. आदर म्हणून केलेली गोष्ट अशी उलटी पडते, त्या सुरुंगासारखीच.

मग करावं काय? फार काही नाही. यंदा किल्ला करा तो अजिंक्यताऱ्याचा. आधी डोंगर चढून या. मुख्य दरवाजा शहराच्या अंगाला, दुसरा दक्षिणेला, वरची तळी, शेजारी यवतेश्वराचा डोंगर, पलीकडे परळी म्हणजे सज्जनगड, हे मुलांना डोळ्यांनी बघू द्या. मग गल्लीतल्या मुलांचे दोन गट करा. एक गट किल्लेदाराचा, दुसरा तरबियतखानाचा. एक डाव म्हणजे एक आठवडा. वरच्यांकडे धान्याच्या आणि दारूगोळ्याच्या मोजक्या चिठ्ठ्या द्या, खालच्यांकडे चारा आणि खजिना. दर डावाला चिठ्ठ्या कमी होतील. सुरुंग कुठल्या बाजूला उडतो ते फाशावर सोडा. इतिहासाच्या सरांना किंवा बाईंना पंच करा. आणि एक अट ठेवा. पुढच्या दिवशी गटांनी बाजू बदलायच्या.

ही अट सगळ्यात कठीण आहे, आणि सगळ्यात कामाची. मोगलांच्या बाजूने खेळणाऱ्या मुलाला कळेल की खाली बसलेल्याची घाई वेगळी असते. पावसाळा जवळ आलेला असतो, चारा संपत आलेला असतो, बादशहा म्हातारा असतो. शत्रूच्या जागी उभं राहणं म्हणजे शत्रूला सामील होणं नव्हे. गनिमी काव्याचा पायाच मुळी तो आहे, शत्रू काय करेल हे शत्रूच्या डोक्याने ओळखणं.

खेळात कधी किल्ला टिकेल, कधी आठव्या आठवड्यातच पडेल. प्रत्यक्षात घडलं त्याहून वेगळं झालं की पंचांनी थांबवायचं आणि विचारायचं, असं का झालं? आपण धान्य जास्त दिलं का? राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी वर पोहोचवायला विसरलो का? या ‘का’ पाशी इतिहास सुरू होतो. ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिला आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्याच्या निष्कर्षांशी आपले लोक पिढ्यानपिढ्या भांडत आले, आणि त्या भांडणातूनच आपलं इतिहाससंशोधन उभं राहिलं. म्हणजे प्रतिस्पर्धी समोर असला की विचार होतो, हे आपल्याला नवं नाही.

राहता राहिली एक तक्रार. मुलं किल्ल्यावर प्लास्टिकचे अंतराळवीर, रणगाडे, डायनासोर ठेवतात आणि मोठी माणसं ते उचलून बाजूला करतात. आम्ही म्हणू, उचलण्याआधी त्या मुलाला एकदा विचारा, हा अंतराळवीर इथे कशाला आलाय? त्याने जर सांगितलं की हा किल्ला घ्यायला आलाय, तर त्या अंगणात निदान एकाने तरी वेढा घातला आहे असं समजा. मग त्याच्याशी बसून दुसरा प्रश्न विचारा. वर पाणी किती दिवसांचं आहे?

आता तुमचे प्रश्न घेऊ.