उमरेडच्या कोळशाची साक्ष

कुंपणाचा लाकडी खांब जमिनीलगत आधी कुजतो. मात्र विहिरीच्या तळाशी, पाण्याखाली घातलेले जांभळाचे लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकते. आपल्या वाडवडिलांना ठाऊक असलेला हा फरक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे आम्हाला त्याचा आधार घ्यावयाचा आहे.

१८३८ साली पायेन या फ्रेंच रसायनज्ञाने लाकडातून सेल्युलोज वेगळे काढले. सेल्युलोजच्या तंतूंना जखडून ठेवणारे चिवट द्रव्य म्हणजे लिग्निन. १८७८ साली जर्मनीत रॉबर्ट हार्टिग याने निरनिराळ्या बुरश्या लाकूड कशा कुजवतात हे सविस्तर दाखवले. तरीही लिग्निन फोडण्याची त्यांची युक्ती उलगडावयास १९८३ साल उजाडावे लागले. बुरशी एक एंझाइम बाहेर सोडते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्याने लिग्निनमधील इलेक्ट्रॉन हिरावून घेते आणि तो दणकट रेणू तुटू लागतो. हे पेरॉक्साइड तयार करण्यास हवेतील प्राणवायू लागतो.

२०१२ साली ३१ बुरश्यांचे जनुकसंच ताडून पाहता असे दिसले की, ही कला सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस युग सरता सरता उपजली असावी. त्यावरून एक गोष्ट फार लोकप्रिय झाली : आधी लिग्निन खाणारे कोणी नव्हते म्हणून लाकूड साठले व त्याचा कोळसा झाला, बुरशी आली आणि कोळसा बनणे आटोपले.

गोष्ट सुरेख खरी. पण नागपूरकराने ती मान्य करण्यापूर्वी उमरेडकडे पाहावे. उमरेड-कामठीचा कोळसा कार्बोनिफेरसच्या नंतरच्या, पर्मियन युगातला. १८४५ साली नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी-सिल्लेवाड्याच्या परिसरात वनस्पतींचे ठसे गोळा केले. १८६१ साली बनबरी याने त्यांचे वर्णन लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने आहेत. त्या काळी अंटार्क्टिका आपल्याच भूखंडाला जोडलेली होती, आणि तेथील पर्मियन लाकडाच्या दगडांत बुरशीने लिग्निन खाल्ल्याच्या खुणा १९८६ साली वर्णिल्या गेल्या. म्हणजे खाणारा हजर होता, तरी कोळसा झालाच!

मग लाकूड वाचले कसे? उत्तर विहिरीच्या तळाशी आहे. दलदलीत बुडालेल्या झाडांपर्यंत प्राणवायू पोहोचेना. त्यावाचून बुरशीचे हत्यार चालेना. जमीन खचत गेली, वर गाळ साचला आणि ठेवा बंदिस्त झाला. जगभरचा पुरावा तपासून २०१६ साली अमेरिकन संशोधकांनीही बुरशीच्या उशिराची ती गोष्ट नाकारली.

पाण्याने आणि गाळाने कोट्यवधी वर्षे बुरशीपासून राखलेला हा ठेवा आम्ही दोन-तीन शतकांत भट्टीत घालीत आहोत. बुरशी करते तेच काम, फक्त फार घाईने.