रोजकीर्द : दफ्तरातील आणि संगणकातील

देवास, धार आणि उदयनगरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घराण्यांना ‘कीर्द’ आणि ‘खतावणी’ हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत उतरवायचा आणि मागाहून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा, हा आपला जुना दंडक. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द शाबूत असली की हिशेब पुन्हा उभा राही.

संगणकाच्या फाइलव्यवस्थेतही पुढे हाच दंडक आला. एक फाइल लिहिताना यंत्राला तिचे नाव, आकार, तिने व्यापलेली जागा अशा अनेक नोंदी बदलाव्या लागतात. मध्येच वीज गेली तर या नोंदींचा मेळ बसत नाही. १९९३ च्या सुमारास लिनक्ससाठी तयार झालेल्या ‘एक्स्ट-टू’ व्यवस्थेत अशा वेळी सारी डिस्क तपासावी लागे. आयबीएमने १९९० मध्येच आपल्या एआयएक्स प्रणालीत कीर्दीची योजना केली होती. लिनक्ससाठी ती स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये मांडली, आणि ‘एक्स्ट-थ्री’ या नावाने २००१ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. जुनी मांडणी न मोडता तिच्यातच कीर्द जोडली, हे तिचे वैशिष्ट्य. बदल आधी कीर्दीत लिहायचे, शेवटी पूर्णतेची खूण करायची आणि मगच ते मूळ जागी उतरवायचे. वीज परतल्यावर यंत्र केवळ कीर्द वाचते. खूण असलेले बदल पुरे करते, खूण नसलेले सोडून देते.

येथवर साम्य आहे. पुढचा भेद मात्र आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पेशव्यांच्या रोजकीर्दी जपल्या गेल्या, म्हणूनच गणेश चिमणाजी वाड यांना त्यांतून वेचे निवडता आले आणि इतिहासाला साधन लाभले. संगणकाची कीर्द मात्र काम झाले की पुसली जाते व तीच जागा पुन्हा वापरली जाते. शिवाय ‘एक्स्ट-थ्री’च्या नेहमीच्या रीतीत तीत मजकूर नसतो, केवळ मांडणीच्या नोंदी असतात. ती मेळ राखते, स्मृती राखत नाही.

आज आपल्यांपैकी अनेकजण घरातील मोडी कागदांची छायाचित्रे संगणकात साठवून निश्चिंत होतात. डिस्कच निकामी झाली तर तिच्यातील कीर्दही तिच्याबरोबर जाते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि मूळ कागद टाकू नयेत, एवढीच आमची विनंती.