प्रस्ताव ३३ (कॅलिफोर्निया)

स्थानिक भाडेनियंत्रण वाढवण्याचा अधिकार शहरांना व काउंट्यांना परत मिळावा, यासाठी कॅलिफोर्निया राज्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदानाला आलेला प्रस्ताव. सुमारे ६० टक्के मतदारांनी तो फेटाळला. याच हेतूचे प्रस्ताव १० (२०१८) व प्रस्ताव २१ (२०२०) जवळपास तेवढ्याच फरकाने पडले होते. तिन्हींमागे ‘एड्स हेल्थकेअर फाउंडेशन’ ही संस्था होती.

पार्श्वभूमी : वादाचे मूळ १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्यात आहे. १ फेब्रुवारी १९९५ नंतर वापरात आलेल्या इमारती, तसेच बहुतेक स्वतंत्र घरे या कायद्याने शहरांच्या नियंत्रणाबाहेर काढली. ज्या शहरांनी आधीच बांधकामाची तारीख ठरवली होती, तिथे तीच कायम झाली. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ साली बांधलेल्या इमारतीतल्या भाडेकरूला शहराचे भाडेनियंत्रण लागू होते. शेजारच्याच १९८० च्या इमारतीतल्या भाडेकरूला होत नाही. याहून मोठा घाव रिकाम्या घरांच्या कलमाचा. भाडेकरूने घर सोडले, की नव्या भाडेकरूला मालक हवे ते भाडे लावू शकतो. बर्कली व सांता मोनिका येथे पूर्वी भाडेकरू बदलला तरी भाड्यावरची मर्यादा राहत असे. १९९९ पासून ती उरली नाही. जुना भाडेकरू निघून जाण्यातच मालकाचा फायदा, अशी स्थिती त्यामुळे आली. प्रचारात नव्या बांधकामांची चर्चा अधिक झाली, पण प्रस्तावाचे खरे महत्त्व या कलमाशी निगडित होते.

तरतुदी : प्रस्ताव १० व ३३ यांत कोस्टा-हॉकिन्स कायदा रद्द करण्याची, तर २१ मध्ये १५ वर्षांहून जुन्या घरांपुरती भाडेनियंत्रणाची मुभा शहरांना देण्याची तरतूद होती.

परिणामांविषयीचा वाद : सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९४ साली चार किंवा कमी सदनिकांच्या जुन्या इमारतींना नियंत्रण लागू केले. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांच्या २०१९ मधील शोधनिबंधानुसार अशा इमारतींच्या मालकांकडील भाड्याची घरे १५ टक्क्यांनी घटली. मात्र भाडेकरू त्याच घरात टिकून राहण्याचे प्रमाण वाढले, हेही त्याच निबंधात नोंदले आहे.

सद्यःस्थिती : कोस्टा-हॉकिन्स कायदा लागू आहे. २०१९ च्या राज्य कायद्याने वार्षिक भाडेवाढ महागाईदर अधिक ५ टक्के, कमाल १० टक्के एवढी मर्यादित केली. तिची मुदत १ जानेवारी २०३० पर्यंत आहे. रिकाम्या झालेल्या घराचे नवे भाडे या मर्यादेतही येत नाही.